नाण्यावरील ममत्व

प्रपंचात राहणाऱ्या मनुष्याची द्रव्याशी नाती ठरलेली असतात. तो ते मिळवितो, साठवितो, खर्च करितो, आणि सुबुद्धी असेल तर त्यातील काही सत्पात्री देतो. शास्त्रकारांनी या चारही व्यवहारांचा विचार केला आहे. परंतु ज्या नाण्याने बाजारात काडीही विकत मिळत नाही, जे कोणास देण्याचा विचार नाही, आणि जे घरात आले म्हणून चूल अधिक चांगली पेटत नाही, असे एखादे नाणे कोणी जिवापाड जपत असेल, तर त्या मनुष्याला कोणत्या कोटीत बसवावे? त्याला लोभी म्हणावे, तर लोभाचे फळ त्याच्या पदरात काहीच नाही. विरक्त म्हणावे, तर ते नाणे हरवले असता तो रात्रभर झोपत नाही. हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो मला हिनकल येथे, एका गृहस्थाच्या ओसरीवर भेटला.

हिनकल हे म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. नन्नेश्वराचे जुने देवालय तेथे आहे. आता शहर वाढत वाढत गावापर्यंत आले आहे, चौकावरून उड्डाणपूल गेला आहे, आणि गाव कोठे संपले व शहर कोठे सुरू झाले हे नवख्याला सांगता येत नाही. या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतील एका वयोवृद्ध गृहस्थांना जुन्या नाण्यांचा नाद आहे, आणि त्यांच्या ओसरीवर महिन्यातील एका रविवारी त्याच नादाची सहा-सात माणसे जमतात. मी भाषांतराचे काम करतो. पाठशाळेत बालपण गेल्यामुळे जुनी नागरी व कानडी अक्षरे थोडीफार लावता येतात. एवढ्याच कारणास्तव मला बोलावणे आले. यजमानांनी त्या दिवसापुरते दोन नियम घातले होते. प्रत्येकाने आपले सर्वांत आवडते असे एकच नाणे आणावे, आणि त्याच्या किमतीविषयी अवाक्षर काढू नये.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांविषयी थोडे सांगतो. ती माझी खोड आहे. आपण ज्याला रुपया म्हणतो त्याच्या मुळाशी ‘रूप्य’ हा शब्द आहे, आणि तो पाणिनीने ‘रूप’ शब्दापासून साधताना ‘आहत’ म्हणजे ठोकलेले हा अर्थ सांगितला आहे. धातूच्या तुकड्यावर ठसा ठोकला, त्याला रूप आले, की ते रूप्य झाले. कौटिल्याच्या राज्यव्यवस्थेत नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ असेच नाव आहे. मराठीत आपण अजूनही नाणे ‘पाडतो’. त्यात घणाचा आवाज शिल्लक आहे. निष्क म्हणजे गळ्यातील सुवर्णालंकार आणि निष्क म्हणजे नाणेही. आपल्याकडील पुतळ्यांची माळ पाहावी: तिच्या मुळाशी व्हेनिस नगराचे सोन्याचे नाणे आहे. परदेशी व्यापाऱ्याच्या थैलीतून निघालेले ते द्रव्य आमच्या आजीच्या गळ्यात सौभाग्यलेणे होऊन बसले, आणि त्यावरील आकृती कोणाच्या याची चौकशी कोणी केली नाही. तेव्हा नाणे व्यवहारातून उठून मायेच्या स्थानी जाऊन बसते, हे आजचे नवल नव्हे.

असो. ओसरीवर प्रथम एका बाईंनी आपली डबी उघडली. आत कंठीरव हण होता. म्हैसूरचे कंठीरव नरसराज वोडेयर यांची कारकीर्द १६३८ ते १६५९ अशी. त्यांनी हा सोन्याचा हण पाडला व त्यावर नरसिंहाची मूर्ती घातली. अर्ध्या ग्रॅमहूनही कमी वजनाचे ते नाणे तळहातावर ठेवले तर डाळीच्या दाण्याएवढे दिसते. श्वास जोराने सोडला तर उडून जाईल अशी भीती वाटते. बाई म्हणाल्या की त्यांच्या आजीची दृष्टी अखेरच्या काळात गेली होती. ती संध्याकाळी हा हण मागून घेई, बोटाच्या टोकाने चाचपी आणि म्हणे, “हा पाहा नरसिंह.” एवढ्याशा सोन्यावर तिच्या बोटाला काय लागत असेल कोण जाणे! बाईंनी स्वतः डोळे मिटून पुष्कळदा तसे करून पाहिले. त्यांना काहीच लागले नाही. तरीही त्या रोज करून पाहतात.

दुसऱ्या गृहस्थांनी भोकाचा पैसा आणला होता. महायुद्धाच्या काळात तांब्याची टंचाई पडली तेव्हा, १९४३ पासून, मध्ये मोठे भोक असलेला हा पैसा निघाला. रुपयाला चौसष्ट पैसे असा तो हिशेब होता. आयांनी ते पैसे दोऱ्यात ओवून मुलांच्या कमरेला बांधले. कारागिरांनी त्यांचा वायसर म्हणून उपयोग केला, कारण पैसा वायसरापेक्षा स्वस्त पडे. या गृहस्थांचे वडील पंप दुरुस्त करीत. एका विहिरीवरील पंपातून त्यांनी हा पैसा काढला; त्याच्या दोन्ही बाजू घासून गुळगुळीत झालेल्या होत्या, ना मुकुट दिसत होता ना साल. गृहस्थ म्हणाले, “माझ्याकडे याच जातीचे कोरे करकरीत पैसे आहेत. पण यानेच काम केले आहे.”

एका तरुणाने पंचवीस पैशांचे गेंड्याचे नाणे दाखविले. ३० जून २०११ पासून ते चलनातून गेले. आजोबा शाळेत जाताना रोज हातावर ठेवीत ते चार आणे, एवढेच तो बोलला. त्याला पुढे बोलता येईना.

नंतर पाळी आली एका व्यापारी गृहस्थांची. त्यांनी हैदरअलीचा वराह काढला. हैदरने १७६३ मध्ये बिदनूर जिंकले, परंतु तेथील नाण्यावरील शिव-पार्वतीची मूर्ती त्याने काढली नाही. तीच ठेवून मागील बाजूस आपल्या नावाचे आद्याक्षर फारशी लिपीत घातले. सर्वांनी ते नाणे कौतुकाने पाहिले. गृहस्थ मात्र खाली पाहत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले की वीस वर्षांपूर्वी एका विधवेकडून त्यांनी हा वराह सोन्याच्या वजनी भावाने घेतला. त्या बाईला तो मोड म्हणूनच विकायचा होता. नाण्याचे खरे मोल यांना ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते. “माझ्या सगळ्या संग्रहात याच्याइतके देखणे दुसरे नाही,” ते म्हणाले, “म्हणून हेच आणले. पण आवडते म्हणून सांगताना जीभ अडते.” यावर कोणी काही बोलले नाही. नियमाप्रमाणे किमतीविषयी बोलावयाचे नव्हते, आणि हे बोलणे तर सगळे किमतीविषयीच होते.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेल की या चारही नाण्यांत प्रीतीचा विषय एकच नाही. नाण्याला तीन अंगे असतात. एक धातू, दुसरे त्यावरील रूप, आणि तिसरे, ज्या हातांतून ते आले त्या हातांची स्मृती. धातूचे मोल सराफ सांगतो. रूपाचे मोल राजा ठरवितो आणि राजाच काढूनही घेतो. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली ती पार गेली व निकल आले. तरी बाजारात रुपया तो रुपयाच राहिला. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९६४ मध्ये ‘नवा’ हे विशेषणही गळाले. ज्या रात्री पंचवीस पैशांचे नाणे रद्द झाले त्या रात्री त्याच्या पोलादात तिळमात्र फरक पडला नव्हता. वेदान्ती ज्याला अध्यास म्हणतात त्याचे याहून घरगुती उदाहरण मला सुचत नाही: एका वस्तूवर दुसऱ्या गोष्टीचा आरोप, आणि त्या आरोपावर चाललेला सगळ्या जगाचा व्यवहार. मात्र तिसऱ्या अंगाला सराफही नाही आणि टांकसाळही नाही. त्याचे मोल एकाच मनुष्याच्या अंतःकरणात असते, आणि तो मनुष्य गेला की ते मोल कोणी रद्द केल्यावाचून रद्द होते.

येथे गीतेचा अभ्यासक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. ज्याला मातीचे ढेकूळ, दगड व सोने सारखे, त्याला भगवंतांनी योगी म्हटले आहे. आणि भक्ताची लक्षणे सांगताना ममत्वाचा अभाव आवर्जून सांगितला आहे. मग सोन्यावरील लोभ सोडून सोन्याच्या आठवणीवर लोभ धरला, तर बेडी तुटली की केवळ बदलली? माझे गुरुजी म्हणत असत, “ज्याला तू माझे म्हणतोस, त्याचा तू झालास.” त्यांच्या घरी दक्षिणेची नाणी एका पितळी वाटीत पडलेली असत आणि दारी आलेल्याला ती वाटीच पुढे केली जाई. त्यांनी एकही नाणे कधी ओळखून ठेवले नाही. उपनिषदात जनकाने हजार गाई उभ्या केल्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोन्याचे पाद बांधले, आणि याज्ञवल्क्याने त्या शिष्याकडून सरळ घरी हाकविल्या. त्याने त्या सोन्याकडे वळून पाहिले असेल असे वाटत नाही, आणि ते नाकारण्याचा आवही त्याने आणला नाही.

तथापि समत्वाचा अर्थ आंधळेपणा असा मला कधीच पटला नाही. योग्याला ढेकूळ कोणते व सोने कोणते हे कळत नाही असे थोडेच आहे! त्याला ते आपल्यासारखेच कळते. परंतु सोने पाहून त्याचे मन आपल्या जागेवरून उठत नाही. ही कसोटी लावली तर आजीचा हण जपणाऱ्या बाईंना मी दोष देणार नाही. त्या हणाने त्यांच्याकडून कोणतेही अकार्य करविलेले नाही. वराहाने त्या व्यापाऱ्याकडून करविले. ममत्व किती आहे हे मोजण्यापेक्षा त्या ममत्वासाठी आपण काय काय द्यावयास तयार झालो, हे पाहणे गृहस्थाश्रम्याला अधिक उपयोगी आहे, असे माझे नम्र मत. आणि हे मत मी येथवर मोठ्या निश्चिंतपणे लिहिले आहे, कारण येथवर परीक्षा दुसऱ्यांची होती.

शेवटी यजमानांनी आपले नाणे आणले. ते संग्रहाच्या वहीत नव्हते, देवघरात होते. लाल मखमलीच्या घडीत ठेवलेला तो शिवाजीमहाराजांचा सोन्याचा होन होता. रायगडी १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हापासून महाराजांच्या नावाचे सोन्याचे होन व तांब्याच्या शिवराया ओळखल्या जातात. शिवराई पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाडली गेली व चालली, त्यामुळे ती आजही सहज मिळते. होन मात्र अत्यंत दुर्मिळ. यजमानांचे वडील म्हैसुरात शिंपीकाम करीत. एका दसऱ्याच्या गर्दीत कोणा फिरत्या विक्रेत्याने त्यांना हा होन दाखविला, आणि त्या माणसाने दोन महिन्यांच्या शिलाईचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. घरात त्यावरून मोठा वाद झाला. वडिलांनी एवढेच उत्तर दिले की परमुलखात राहतो, आपल्या राजाची एक खूण घरात असावी. तेव्हापासून दर पाडव्याला व दर दसऱ्याला त्याची पूजा होत आली होती.

“शास्त्रीबुवा, काय लिहिले आहे ते वाचा,” असे म्हणून त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला.

हातावर येताच तो मला हलका वाटला. होनाचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्या आकाराच्या सोन्याला जो भार हवा तो तेथे नव्हता. मी भिंग लावले. अक्षरांच्या कडा लोण्यावरच्या रेषांसारख्या बोथट होत्या, आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे होते. नाणे फिरवून कड पाहिली. कडेने सबंध परिघावर एक बारीक उंचवटा गेला होता व एका ठिकाणी तो कानशीने घासलेला होता. साच्याचे दोन अर्धे जेथे मिळतात तेथे असा उंचवटा राहतो. प्राचीन काळी तांब्याची ओतीव नाणी होती हे खरे. परंतु होन ठोकून पाडलेला. हे नाणे आहत नव्हते. ज्या पाणिनीच्या सूत्राची मी वर ऐट मिरविली, तेच सूत्र माझ्या हातावर पडून मला सांगत होते की हे रूप्य नव्हे. (शुद्धलेखनावरून मात्र काही ठरत नाही. खऱ्या शिवरायांवरही ऱ्हस्व-दीर्घाचे व स-शचे नाना प्रकार आढळतात. व्याकरण शिकलेला मनुष्य तेथे प्रथम फसतो.)

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी मोठ्याने वाचले, “श्री राजा शिव,” आणि उलटून, “छत्रपति.” बाईंनी हात जोडले, तरुणाने जोडले, यजमानांच्या डोळ्यांत पाणी आले. मी होन परत मखमलीत ठेवला.

घरी येताना माझे मन मला समजावू लागले की तू खोटे काहीच बोलला नाहीस. जे लिहिले होते तेच वाचलेस. भाषांतरकाराचा हा नेहमीचा आडोसा आहे. मूळ लेखक खरे सांगतो की खोटे, हे पाहण्याचे काम आमचे नव्हे, असे म्हणून आम्ही हात झटकतो. परंतु मला तेथे भाषांतरासाठी बोलाविले नव्हते. पारख करणारा म्हणून बोलाविले होते, आणि मी ते जाणत होतो. याज्ञवल्क्यस्मृतीत (नाव एकच, म्हणून उपनिषदातील ऋषीशी गल्लत नको) नाणकपरीक्षकासाठी स्वतंत्र दंड सांगितला आहे. जो खऱ्याला कूट म्हणेल आणि जो कूटाला खरे म्हणेल, त्या दोघांनाही उत्तम साहस, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा दंड. न बोलणाऱ्याला काय, याचा मी त्या रात्री शोध घेतला. मनुष्य आपल्या सुटकेसाठी ग्रंथ कसे चाळतो हे तेव्हा कळले. वाणीच्या तपाविषयी गीतेत जे सांगितले आहे ते आपण सोयीने वाटून घेतो: कोणी सत्य घेतो व कठोर होतो, कोणी प्रिय घेतो व लबाड होतो. तेथे तर सत्य, प्रिय, हितकर आणि दुसऱ्याला उद्वेग न देणारे असे सर्व एकाच वाक्यात एकत्र मागितले आहे. मी त्यातले दोन घेऊन दोन टाकले होते. त्यांतही प्रिय मी त्यांच्यासाठी निवडले की त्या ओसरीवरील माझ्या मानासाठी, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही.

आठ दिवसांनी मी एकटाच गेलो. काकांनी चहा ठेवावयास सांगितले. मी म्हटले, “काका, होन पुन्हा एकदा पाहू का?” त्यांनी आणला. मी त्यांच्या हातात भिंग दिले आणि कड दाखविली. काही स्पष्टीकरण करण्याची पाळी आली नाही. त्यांनी भिंग बाजूला ठेवले व अंगठ्याचे नख कडेवरून सावकाश फिरविले, जसे शिंपी कापडाच्या जोडावरून फिरवितो.

“ही शिवण आहे,” ते म्हणाले. थोडा वेळ गेला. “वडिलांना शिवण कळायला हवी होती.”

मी गप्प होतो. मग त्यांनी विचारले, “इतकी वर्षे मग मी कशाची पूजा केली?” मी पढविल्यासारखे उत्तर दिले: पूजा नाण्याची नव्हतीच, महाराजांच्या स्मरणाची होती, पित्याच्या भावनेची होती, आणि ती जेथे पोचावयाची तेथे पोचली. शास्त्राला धरून हे उत्तर बरोबर आहे. त्यांनी ते शिष्टाचार म्हणून ऐकून घेतले. त्यांचे मन दुसरीकडेच होते.

“माझा नातू बंगळुरास असतो,” ते म्हणाले. “त्याला यातले काही कळत नाही. मी गेल्यावर पैशाची अडचण पडली तर तो हा विकायला काढील. तो खोटे बोलणार नाही. आजोबा सांगत तसेच सांगेल. आणि दुसरा कोणी शिंपी दोन महिन्यांची शिलाई देऊन बसेल.”

त्यांनी उठून कागदाची पट्टी आणली, दौतीसारखी दिसणारी जुनी शाईची बाटली आणली, आणि लिहिता लिहिता थांबून मला विचारले, “नकली लिहू की खोटा?” शब्द निवडून देणे हा माझा धंदा. मी म्हटले, “खोटा.” त्यांनी लिहिले: हा होन खोटा आहे. वडिलांनी खरा समजून घेतला. विकू नये. खाली सही व तारीख घातली, शाई वाळेपर्यंत पट्टीवर फुंकर घातली, मग पट्टी मखमलीच्या घडीत घालून होन पुन्हा देवघरात नेऊन ठेवला. चहा निवला होता. तो पुन्हा गरम करून आला.

पुढील महिन्याच्या रविवारी त्यांनी स्वतःच सर्वांना ते सांगितले व ती पट्टी सर्वांच्या हातांतून फिरविली. बाईंनी ती दोनदा वाचली. हैदरी वराहाचे गृहस्थ त्या दिवशी काही न दाखविता लवकर उठून गेले.